साक्षात्काराआधीची धडधड

मराठी घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली की दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे सफरचंदांच्या पिशव्या आणि दुसरी म्हणजे डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. २०२२ मध्ये बाबांना स्टेंट बसला तेव्हा आमच्याकडे आठवडाभरात या पुस्तकाच्या तीन प्रती जमा झाल्या. त्यातली एक माझ्या मोठ्या काकांची, जागोजागी पेन्सिलच्या रेघा मारलेली होती. राजहंस प्रकाशनाचं हे पुस्तक पाव शतकापासून असंच हातोहात फिरतंय. साहित्याच्या इतिहासात त्याला किती जागा मिळेल मला माहीत नाही. पण माणसं आयसीयूतून बाहेर आल्यावर एकमेकांना जे पुस्तक देतात, त्याची समीक्षा व्हायला हवी असं मला वाटतं. 'प्रेरणादायी' हा शब्द लावून ते बाजूला ठेवणं हा त्या पुस्तकावरच अन्याय आहे.

आधी त्याचं जे देणं आहे ते मान्य करतो. बंग नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले, एमडी झालेले, गडचिरोलीत आयुष्य घातलेले डॉक्टर. १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तोपर्यंत आपल्या गोष्टींमध्ये हार्ट अटॅक ही एक सोय होती. पोरगी पळून जाते, धंदा बुडतो, वडील छातीवर हात ठेवतात, कोसळतात, पुढचा सीन. सिरियलवाले तर आजही हेच करतात. बंगांनी त्या एका क्षणाला मागे-पुढे लांबी दिली. झटक्याच्या आधीची वर्षं: खाणं, घाई, रखडलेला व्यायाम, कामाचा हव्यास. आणि नंतरची वर्षं: डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरचा कार्यक्रम, कमी तेलाचा आहार, योगासनं, ध्यान, नात्यांचा विचार, मरणाचा विचार. डॉक्टरनं पेशंट होऊन स्वतःलाच केस म्हणून तपासणं आणि तेही सोप्या मराठीत, हे सोपं काम नाही. माझ्या बाबांनी पन्नाशी उलटल्यावर स्वतःहून चालायला सुरुवात केली ती या पुस्तकामुळे. आई इतकी वर्षं सांगून थकली होती.

तरीही पुस्तक संपवल्यावर मला वाटलं की मी एका दाराबाहेर उभा आहे आणि आत जायचं तर पास लागतो. तो पास म्हणजे अँजिओग्राफीचा रिपोर्ट.

कारण आमच्या घरात हृदयाला घाबरणारी माणसं दोन आहेत. एक बाबा. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, खिशात सॉर्बिट्रेट आहे. दुसरा मी. माझ्या हृदयात कुणालाच काही सापडलेलं नाही.

बाबांची भीती अशी दिसते: लिफ्ट बंद असेल तर ते खाली बाकावर बसून राहतात, भाजी वितळून जाईपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कुणालाही धाप लागते, पण बाबांना लागली की ते गप्प होतात आणि मनगट माझ्यापुढे करतात. "पाह्य ना जरा, बरोबर चालू आहे का?" मी मोजतो. ८४. "बरोबर आहे बाबा." दहा मिनिटांनी पुन्हा मनगट.

माझी भीती अशी: रात्री एकला प्रॉडक्शनवर रिलीज, तीन कॉफी, मग अंथरुणावर पडल्यावर छातीत एक ठोका चुकतो. एक क्षण काहीच नाही, आणि मग एक ठोका दाणकन. घड्याळात बघतो, ९६. पुन्हा बघतो, १०८. पुन्हा, ११८. बोटांना मुंग्या येतात. आई कॅब बोलावते आणि आम्ही धंतोलीत. (नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी: धंतोली हा आमचा दवाखान्यांचा मोहल्ला. तिथं रात्री दोनलाही चहा मिळतो, कारण रात्री दोनला तिथं कुणीतरी नेहमी घाबरलेलं असतं.) ईसीजी काढतात. रक्तात ट्रोपोनिन बघतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की काही तासांत वाढणारं प्रथिन. ते एकदा बघतात, तीन तासांनी परत बघतात. सकाळी ड्युटीवरचा डॉक्टर सांगतो, "काही नाही. टेन्शन घेऊ नका."

'टेन्शन घेऊ नका' हे मराठीतलं सगळ्यात आखूड वैद्यकीय साहित्य. त्याचीही समीक्षा करायला हरकत नाही. या वाक्यात 'काही नाही' म्हणजे 'धमन्यांमध्ये काही नाही'. ऐकणाऱ्याला ते 'तुला काही झालंच नाही' असं ऐकू येतं. पण झालं तर होतं! चुकलेला ठोका खरा होता. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा जास्त थांबा होतो, त्या थांब्यात हृदय जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. चोवीस तास होल्टर लावला तर चांगल्या धडधाकट माणसांतही असे ठोके सापडतात. मुंग्याही खऱ्या होत्या. घाबरून भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटं बधिर होतात. ११८ हा आकडाही खरा होता. खोटा होता तो फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष.

ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचा जो नमुना मांडला, तो कुठल्याही इंजिनियरला एका वाचनात पटतो. शरीरात काहीतरी जाणवतं, माणूस त्याचा सगळ्यात वाईट अर्थ लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं तीच जाणीव वाढते. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर नेला की जी किंचाळी फुटते, तोच प्रकार. माइकही ठीक असतो, स्पीकरही ठीक असतो. १९८८ मध्ये आंके एलर्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना त्यांच्या हृदयाची गती अचानक वाढल्याचं खोटंच ऐकवलं. पॅनिकचा त्रास असलेल्यांची भीती तेवढ्यानंच वाढली आणि त्यांच्या हृदयाची खरी गतीही वाढली. हा प्रयोग तेव्हा लॅबमध्ये करावा लागला. आता तो आपण मनगटावर बांधून झोपतो. आमच्या धंद्यात 'हाइझेनबग' असा एक शब्द आहे. बघायला गेलं की वागणं बदलणारा बग. रात्री दीड वाजता घड्याळावर बघितलेला पल्स हा शुद्ध हाइझेनबग. गंमत म्हणजे ईसीजी काढणारं अॅपलचं घड्याळ स्वतःच स्पष्ट सांगतं की हार्ट अटॅक ओळखणं त्याला जमत नाही. पण ती ओळ वाचायला कोण थांबतं.

आता प्रश्न असा, की या माणसाची गोष्ट कुणी लिहिली आहे? ज्याला आजार नाही आणि भीती आहे?

लिहिली आहे, पण हसण्यासाठी. सगळ्यात जुनं मोठं नाव मोलिएर. त्याच्या १६७३ च्या नाटकाचं नावच 'काल्पनिक रोगी' अशा अर्थाचं आहे. आपल्याकडचा सगळ्यांच्या ओळखीचा नमुना 'आनंद'मध्ये आहे, १९७१ चा, हृषीकेश मुखर्जींचा. त्यात श्रीमंत पेशंट येतो, त्याला अंगभर आजार झाल्यासारखं वाटतं. डॉ. भास्कर त्याला कसलाही आजार नाही म्हणून झापतो, तर रमेश देवांचा डॉ. प्रकाश कुलकर्णी अशांना औषधं देतो, पैसे घेतो आणि त्यातून गरिबांना सांभाळतो. प्रेक्षक हसतात. मीही हसलोय. चित्रपटाची मांडणी स्वच्छ आहे: ज्याला खरा, जीवघेणा आजार आहे तो आनंद हसतमुख आणि थोर, आणि ज्याला आजार नाही तो रडका आणि विनोदी. पन्नास वर्षं आपण ही विभागणी घेऊन चाललोय. आजार सिद्ध झाला की माणसाला तत्त्वज्ञान सुचायची मुभा. सिद्ध नाही झाला तर त्याच्या वाट्याला फक्त हशा.

मोलिएरच्या बाबतीत मात्र नियतीनं ही विभागणी तिथल्या तिथे मोडली. त्या नाटकात काल्पनिक रोग्याचं काम तो स्वतः करायचा, आणि त्याला छातीचा खरा आजार होता. चौथ्या प्रयोगात, १७ फेब्रुवारी १६७३ ला, रंगमंचावरच त्याला झटका आला. त्यानं प्रयोग रेटून पूर्ण केला आणि काही तासांत घरी तो गेला. समोरचे प्रेक्षक आजारी नसलेल्या माणसाला हसत होते आणि ते काम करणारा माणूस मरत होता. मला हा प्रसंग नाटकापेक्षा जास्त खरा वाटतो, कारण माझे बाबा नेमके तिथं उभे आहेत. त्यांना आजारही आहे आणि आजाराची कल्पनाही आहे. त्यांच्या छातीत दुखतं तेव्हा दर वेळी ते हृदयाचंच असतं असं नाही. पण कधी असेल, हे कोण सांगणार?

इथं दुसऱ्या बाजूचं बोलायला हवं, नाहीतर हा लेख 'सगळं मनाचं असतं' म्हणणाऱ्यांच्या कामाला येईल. नागपुरात सकाळी तर्री-पोहे झाले की छातीत जळजळ होणारच. त्यामुळे 'गॅस आहे, सोडा पी' हा सल्ला इथं प्रत्येक कोपऱ्यावर फुकट मिळतो. त्या सल्ल्यानं माणसं गेलीत. बायकांच्या दुखण्यावर 'टेन्शन' हा शिक्का तर आणखी लवकर बसतो. ५२ देशांमधल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातून २००७ मध्ये जे निघालं ते आपल्यासाठी गंभीर आहे: पहिला झटका येण्याचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ च्या आसपास, इतरत्र ५९ च्या आसपास. म्हणजे आपली भीती हवेतून आलेली नाही. नवं दुखणं, दाब, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर लेख वाचत बसायचं नसतं, गाडी काढायची असते. मी धंतोलीत गेलो ते बरोबरच होतं. माझं म्हणणं सकाळच्या वाक्याबद्दल आहे.

आणि आमच्या पिढीची भीती कुठल्या मजकुरावर पोसली जाते तेही बघा. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेला, तोही व्यायाम करणारा, तंदुरुस्त माणूस. पुढच्या काही दिवसांत बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी लोकांची रीघ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये ४७ वर्षांच्या श्रेयस तळपदेला शूटिंगनंतर झटका आला. सुदैवानं तो वाचला. ही बातमी आली त्या रात्री आमच्या टीमच्या ग्रुपवर चार जणांनी लिपिड प्रोफाइलचे रेट विचारले. मग फॉरवर्ड सुरू होतात. त्यातला सगळ्यात चिवट म्हणजे 'एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोका'. तज्ज्ञांनी कधीच फेटाळलेला आहे, तरी दरवर्षी नवं शीर्षक लावून येतो. साहित्य म्हणून तो यशस्वी आहे हे मान्य करावं लागेल. सुरुवातीलाच एकटा माणूस, संध्याकाळ, ऑफिसहून घरी, छातीत कळ. वाचणारा तिथंच सापडतो. आपल्या भाषेत हृदयाबद्दल सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर हाच असेल तर बंगांच्या पुस्तकाची किंमत मला आणखी वाढलेली दिसते, आणि त्यातली पोकळीही.

ही पोकळी नवी नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधड, धाप, छातीत दुखणं असायचं आणि हृदयात दोष काही दिसायचा नाही. जेकब दा कोस्टा या डॉक्टरनं १८७१ मध्ये त्यावर मोठा निबंध लिहिला. त्यानं त्याला चिडखोर हृदय म्हटलं. पुढे सत्तर वर्षं वाद चालला की हे हृदयाचं की मनाचं. १९४१ मध्ये इंग्लंडच्या पॉल वुड यांनी कौल मनाच्या बाजूनं दिला. मला त्या वादापेक्षा २००० साली गेऑर्ग आयफर्ट यांनी केलेली अठरा प्रश्नांची एक साधी यादी जास्त कामाची वाटते. ती आजार आहे की नाही हे विचारतच नाही. तीन गोष्टी तपासते: हृदयाबद्दल भीती किती, त्यापायी काय-काय करणं टाळता, आणि ठोक्यांकडे लक्ष किती. मी एका रविवारी ते प्रश्न बाबांना मराठीत करून विचारले आणि स्वतःची उत्तरं शेजारी लिहिली. बहुतेक ठिकाणी आम्ही एकच उत्तर दिलं होतं. एका प्रश्नावर तर दोघंही हसलो: तपासण्या नॉर्मल आल्या तरी काळजी वाटत राहते का? बाबा म्हणाले, "हे तर नॉर्मल आल्यावरच जास्त वाटते बे."

मराठीला खरं तर हे आधीपासून माहीत आहे. काळीज आणि काळजी हे शब्द किती जवळ बसलेत. काळजात धस्स होतं, काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरं पडतात. या वाक्प्रचारांना ईसीजी लागत नाही. (शिवाय सावजीत कलेजी मागितली की ताटात यकृत येतं. म्हणजे भाषेनं अवयवाबद्दल फार काटेकोर व्हायचं कधी मनावर घेतलेलंच नाही.) बोलीभाषा भीतीला पूर्ण जागा देते आणि आपलं आजारावरचं लेखन देत नाही, हे मला विचित्र वाटतं.

आता परत बंगांकडे. माझी पहिली तक्रार शीर्षकातल्या शब्दापासून सुरू होते. साक्षात्कारी. हा शब्द आला की झटक्याला अर्थ मिळतो, आणि अर्थ मिळाला की भीतीला फार काळ थांबता येत नाही. पुस्तकाचा ओढा पुढे आहे: कारणं शोधा, बदल करा, अधिक चांगलं जगा. ती गती त्याची ताकद आहे. पण बाबांसारखा वाचक तिथं अडखळतो. त्यांनी तेल कमी केलं, फुटाळ्यावर चालायला लागले, वजन उतरवलं, आणि मनगट पुढे करणं काही सुटलं नाही. आता त्यांना वाटतं, बंगांना हृदयरोगातून एवढं मिळालं, आपल्याला नुसतीच भीती मिळाली, म्हणजे आपलंच काहीतरी कमी पडलं. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला अंदाज असा आहे की झटक्यातून गेलेल्यांपैकी साधारण १२ टक्क्यांना मानसिक आघातानंतरच्या विकाराची, म्हणजे पीटीएसडीची, ठळक लक्षणं दिसतात. आठांतला एक. पुस्तक त्याआधीचं आहे, त्यामुळे हा आकडा त्यात नाही म्हणून दोष देणार नाही. पण आज ते पुस्तक भेट देताना 'घाबरायला झालं तर सांगा' हे आपण तोंडानं म्हणायला हवं, कारण पुस्तक ते पुरेसं म्हणत नाही.

दुसरी तक्रार माझी स्वतःची. राग, घाई, ताण यांचा हृदयाशी संबंध आहे हे बंग सांगतात, आणि ते खरंच आहे. 'इंटरहार्ट'नं मोजलेल्या नऊ धोक्यांमध्ये मानसिक ताणाचा समावेश आहे. पण हे वाक्य ज्याला आधीच भीतीचा आजार आहे त्यानं वाचलं तर काय होतं? काळजीनं हृदय बिघडतं, मी काळजी करतोय, म्हणजे माझं हृदय बिघडतंय, म्हणून काळजी. झालं, माइक स्पीकरसमोर गेला. एका वाचकासाठी औषध असलेलं प्रकरण दुसऱ्यासाठी अलर्ट होतं. लेखकाला प्रत्येक वाचक सांभाळता येत नाही हे मला कळतं. पण पाव शतकात मराठीत या दुसऱ्या वाचकासाठी त्याच तोलाचं पुस्तक माझ्या हाती आलं नाही.

आम्हा इंजिनियरांसाठी जो मंत्र आला तो २००९ च्या '३ इडियट्स'मधून. छातीवर हात ठेवायचा आणि हृदयाला सांगायचं, आल इज वेल. माझ्या हॉस्टेलमध्ये सेमिस्टरच्या आदल्या रात्री पोरं खरंच हे करायची. पण त्या मंत्रामागची गोष्ट आठवा. रात्री गस्त घालत 'आल इज वेल' ओरडणारा चौकीदार असतो, गाव निर्धास्त झोपतं, आणि एकदा चोरी झाल्यावर कळतं की त्याला रात्री दिसतच नाही. रांचो हे कौतुकानं सांगतो. मला त्यात 'रिपोर्ट नॉर्मल'ची सगळी अडचण दिसते. दिलासा पहिल्या रात्री चालतो. दुसऱ्या रात्री माणूस चौकीदाराचा आवाज ऐकायला जागा राहतो. तिसऱ्या रात्री आवाज यायला पाच मिनिटं उशीर झाला तर घाम फुटतो. बाबांचं मनगट आणि माझं घड्याळ, दोन्ही तोच चौकीदार.

उपचार करणारे लोक याबाबतीत लेखकांच्या पुढे गेलेत. पॅनिकच्या थेरपीमध्ये पेशंटला मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, खुर्चीत गरगर फिरवतात. धडधड व्हावी म्हणूनच. ती झाली, वाढली, आणि काही न करता उतरली, हे त्याला स्वतःच्या शरीरावर बघायला मिळतं. आणि कार्डिअॅक रिहॅबमध्ये काय करतात? ईसीजीच्या तारा लावून, शेजारी माणूस उभा करून, पेशंटला ट्रेडमिलवर चालवतात. पहिल्याला आधी तपासून खात्री केलेली असते की धमन्या साफ आहेत, दुसऱ्याला कुठवर चालायचं याची मर्यादा आखून दिलेली असते. एवढा फरक सोडला तर दोघांनाही ज्याची भीती वाटते तेच करायला लावतात.

बाबांच्या रिहॅबच्या तिसऱ्या दिवशी मी तिथं बसलो होतो. मशीनचा वेग वाढला, मॉनिटरवरचा आकडा १०० पार झाला, आणि बाबांनी सवयीनं मनगट माझ्याकडे केलं. मी काही बोलायच्या आत फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "वाढू द्या काका, वाढवायलाच आलोय आपण." बाबांनी हात मागे घेतला आणि ट्रेडमिलचा दांडा धरला. आकडा ११२ झाला, ११५ झाला. ते अजून मॉनिटरकडेच बघत होते.